नातीच्या पहिल्या पाउवाउची तयारी : जिंगल ड्रेस, तंबाखूची पुडी आणि एक अख्खा हिवाळा

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात बसून मी जिंगल ड्रेससाठी, म्हणजे चालताना खुळखुळणाऱ्या नाचाच्या पोशाखासाठी, पत्र्याचे शंभरावर शंकू फितीवर बसवले. पहिले बारा वाया गेले. चिमट्याने इतके आवळले की आतली फीतच तुटली आणि शंकू टपाटपा फरशीवर पडले. आजी हसल्या, त्यांनी ते वाटीत गोळा केले आणि माझ्यापुढे ठेवले. “पुन्हा,” एवढंच म्हणाल्या. त्यांची सात वर्षांची नात त्यानंतरच्या जूनमध्ये पाउवाउला, म्हणजे ढोलाच्या गाण्यांवर नाचण्याच्या मेळाव्यात, पहिल्यांदा रिंगणात उतरणार होती.

आजी ओजिब्वे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीच्या. हे लोक स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. लेक सुपीरियरच्या भोवताली, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि कॅनडातल्या ऑन्टारियो, मॅनिटोबा या भागांत त्यांची वस्ती आहे. आम्ही मिनेसोटातल्या डुलुथला राहतो, त्यांचं मूळ घर जवळच्याच फॉन्ड ड्यू लॅक रिझर्व्हेशनवर, म्हणजे जमातीसाठी राखलेल्या जमिनीवर. पाउवाउ हा शब्द मुळात पूर्व किनाऱ्यावरच्या भाषांमधला. आजींच्या भाषेत त्याला नीमिइडिविन म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचणं.

इकडे राहणाऱ्या कितीतरी मराठी मुलांच्या वर्गात अशी एखादी मैत्रीण असते. तिच्या घरून बोलावणं येतं आणि आपण गोंधळतो की न्यायचं काय, बसायचं कुठे, फोटो काढायचा का. म्हणून मी पाहिली तशी तयारी क्रमाने लिहिते. पलीकडच्या रिझर्व्हेशनवर हाच क्रम वेगळा असू शकतो, आणि तिथल्या आज्या ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणतील. आपल्याकडे दोन गावांतला हळदीचा विधी तरी कुठे एक असतो?

आधी विचारायचं, मग कापड आणायचं

तयारी सुरू होते पानगळीत, आणि ती शिवणयंत्रापाशी सुरू होत नाही. मुलीला खरंच नाचायचंय का हे आधी बघतात. उन्हाळाभर ती रिंगणाच्या कडेला उभी राहून पाय हलवत होती का, घरी गाणं लागलं की उठत होती का? मोठ्यांच्या हौसेसाठी पोराला ढकलायचं नाही, यावर आजी ठाम होत्या.

त्यानंतर विचारायला जायचं. ज्या बाईने हा नाच वर्षानुवर्षं केलाय तिच्याकडे मुलीला घेऊन जातात आणि तिच्या हातात असेमा देतात. असेमा म्हणजे तंबाखू. ओढण्यासाठी दिलेली नव्हे, विनंतीबरोबर ठेवलेली. चिमूटभर असली तरी चालते, बहुतेक जण लहानशा कापडात बांधतात. समोरच्या बाईने ती हातात घेतली की तिने जबाबदारी घेतली. म्हणून ती लगेच हात पुढे करत नाही. काय हवंय, का हवंय, हे आधी नीट ऐकून घेते. आपण सुपारी देऊन आमंत्रण करतो, त्याच्या जवळपासचं हे. पण आपली सुपारी नुसतं कळवते, तर असेमा उत्तर मागते.

सात वर्षांच्या मुलीने स्वतः बोलायचं असतं. आमची ही छोटी गाडीत वाक्य पाठ करत गेली, तिथे पोचल्यावर विसरली, आणि ‘मला शिकवशील?’ एवढंच कसंबसं बोलली. तेवढं पुरलं.

काही घरांत त्याआधी मुलीचं अनिशिनाबे नाव ठेवलेलं असावं लागतं. हे नाव देणारी व्यक्ती आणि मूल एकमेकांचे नीयवेनें होतात, दोघेही एकमेकांना त्याच शब्दाने हाक मारतात. मुलीचे रंग कोणते, हेही बऱ्याचदा त्या नावाबरोबर येतं, आणि ड्रेसचं कापड त्यावरून निवडलं जातं. त्या विधीत काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाहुणी म्हणून जे बघायला मिळतं ते सगळं लिहायचं नसतं.

हा ड्रेस कुठून आला

ड्रेस शिवण्याआधी मुलीला त्याची गोष्ट माहीत हवी, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं. जिंगल ड्रेसला ओजिब्वेत झीबास्काइगनागूडे म्हणतात. तो साधारण 1918 ते 1920च्या सुमारास आला, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ जगभर माणसं नेत होती तेव्हा. मिनेसोटातलं मिल लॅक्स आणि ऑन्टारियोतलं व्हाइटफिश बे या दोन्ही ठिकाणी याची गोष्ट सांगतात. तपशील वेगवेगळे आहेत, गाभा एकच. एक लहान मुलगी मरणाच्या दारात होती. तिच्या वडिलांना (कुणी आजोबांना म्हणतात) स्वप्नात चार बायका दिसल्या, अंगात असे ड्रेस, पायात विशिष्ट चाल. जाग आल्यावर त्यांनी ड्रेस शिवून घेतले. मुलीला रिंगणात आणलं तेव्हा ती आडवी होती. रात्र सरता सरता ती इतरांबरोबर नाचू लागली. व्हाइटफिश बेच्या मॅगी व्हाइट यांना पहिली जिंगल ड्रेस नर्तिका मानतात. रेड लेकच्या ओजिब्वे इतिहासकार ब्रेंडा चाइल्ड यांनी या नाचाचं त्या साथीशी असलेलं नातं तपशिलाने मांडलंय.

म्हणून हा नाच दुखण्यावरचा आहे. कुणी आजारी असेल तर त्याचं नातलग नर्तिकेला असेमा देऊन ‘त्याच्यासाठी नाच’ म्हणून सांगतं. 2020च्या मार्चमध्ये कोविडमुळे सगळं बंद झालं, तेव्हा कित्येक बायका-मुलींनी घराच्या अंगणात हा ड्रेस घालून नाच केला आणि त्याचे व्हिडिओ लोकांसाठी टाकले.

ही गोष्ट आणखी एका कारणासाठी सांगतात. ज्या काळात हा ड्रेस जन्मला त्याच काळात नाच दडपले जात होते. 1883च्या अमेरिकन नियमांत काही नाच गुन्ह्यांच्या यादीत होते. 1921मध्ये इंडियन अफेअर्सचे, म्हणजे मूळनिवासींचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याचे, कमिशनर चार्ल्स बर्क यांनी ‘परिपत्रक 1665’ काढून अधिकाऱ्यांना नाचांना आळा घालायला सांगितलं. कॅनडात इंडियन अॅक्टमधली विधी-नाचांवरची बंदी 1951मध्ये उठली. आजींच्या आईच्या पिढीने हे सगळं सोसलेलं. छोटीला यातलं कितपत कळलं कोण जाणे. तिने एवढंच विचारलं, “मग पोलीस आले तर?” आता येत नाहीत, आजी म्हणाल्या, आले तर नाचायला येतात.

आधी कान, मग पाय

नोव्हेंबरपासून शिकवणी सुरू झाली आणि पहिले कित्येक आठवडे छोटीने एकही पाऊल टाकलं नाही. फक्त ऐकायचं. मोठ्या ढोलाभोवती, म्हणजे डेवेइगनभोवती गायक बसतात. एक जण ओळ उचलतो, बाकीचे ती घेतात आणि पुढे नेतात. हे एक आवर्तन. त्याला तिथे ‘पुश-अप’ म्हणतात, आणि साधारणपणे चार पुश-अपचं एक गाणं होतं. (मला आधी वाटलं होतं की नाचाआधी व्यायाम करायचा असतो.) मध्येच काही ठोके जोरात पडतात, ते ‘ऑनर बीट’. त्या ठोक्यांना जिंगल नर्तिका हात किंवा पंखा वर उचलते. छोटीला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटाने ठोका धरायला लावला, आणि ऑनर बीट आली की हात वर. शेवटचा ठोका ओळखणं सगळ्यांत अवघड. त्या ठोक्याला पाय थांबलेच पाहिजेत. गाणं संपल्यावर पडलेलं एक जास्तीचं पाऊल सगळ्यांना दिसतं, आणि या ड्रेसमध्ये तर ऐकूही येतं.

चाली दोन. ‘स्ट्रेट’मध्ये पुढे जात प्रत्येक पायावर दोनदा टेकायचं. ‘साइड स्टेप’मध्ये रिंगणाच्या मध्याकडे तोंड करून पाय जोडलेले ठेवायचे आणि आधी चवडे, मग टाचा असं डावीकडे सरकायचं. आपल्या प्रदक्षिणेसारखीच दिशा, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. जुन्या पद्धतीत पाऊल जमिनीलगत राहतं, पाय एकमेकांवरून जात नाही, मागे जायचं नाही, गोल गिरकी घ्यायची नाही. हात कमरेवर. नव्या पद्धतीत पायांची कलाकुसर खूप असते आणि मुलींना तीच आवडते, पण शिकवणाऱ्या बाईंनी जुनीच धरली. माझ्या मते बरोबर केलं. साधी चाल सात वर्षांच्या मुलीला दिवसभर झेपते.

सराव मोजे घालून फरशीवर करू नका, पाय घसरतो आणि खोटा हलकेपणा येतो. बर्फ वितळला की गवतावर करायचा. पाउवाउचं रिंगण बहुतेक गवताचंच असतं, उंचसखल.

मुलगा असेल तर बऱ्याच घरांत ग्रास डान्सपासून सुरुवात करतात. त्याच्या पोशाखावर लोकरीच्या किंवा फितींच्या लांब झालरी असतात आणि चालीत एका पायाने केलेलं दुसऱ्या पायानेही करावं लागतं. त्याची शिकवणी मी पाहिलेली नाही, म्हणून इथेच थांबते.

शिवण

या पोशाखाला ‘कॉस्च्यूम’ म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं आणि खोलीत शांतता पसरली. कॉस्च्यूम नाटकातला. याला रिगेलिया म्हणतात.

कापड सुती घ्यावं, आतून अस्तर द्यावं, कारण शंकूंचं वजन नुसतं पातळ कापड ओढून खाली आणतं. साटिन चमकतं पण उन्हात अंगाला चिकटतं. बेत साधा असतो, सरळ अंगाचा, पोटरीपर्यंतचा. शिवताना दोन्ही बाजूंना आणि खाली भरपूर माया सोडायची. आजींनी खाली चार बोटं दुमडून ठेवली होती.

आता शंकू. पूर्वी तंबाखूच्या डब्यांची झाकणं कापून ते करत. आपल्याकडच्या तपकिरीच्या डबीसारखीच गोल पत्र्याची झाकणं. कड कापून टाकायची, चकती निमुळत्या तोंडाच्या चिमट्याने एका बाजूने वळवत न्यायची, वरचं तोंड अरुंद, खालचं रुंद. आजींकडे त्यांच्या आईने वळलेले नऊ शंकू होते, एकावर कंपनीची अक्षरं अजून वाचता येत होती. बाकीचे तयार आणले. तयार शंकू सर्रास मिळतात आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही.

बसवायची पद्धत अशी. फितीचा तुकडा दुमडून शंकूच्या अरुंद तोंडातून ओवायचा, आत गाठ राहू द्यायची, मग चिमट्याने तोंड दाबायचं. गाठ निसटणार नाही इतकंच, फीत कापली जाईल इतकं नाही. माझे बारा इथेच गेले. हे शंकू सरळ ड्रेसवर टाचू नका. आधी लांब पट्टीवर ओळीने शिवायचे, मग ती पट्टी ड्रेसवर लावायची. दोन वर्षांनी मुलगी वाढली की पट्ट्या उसवून नव्या ड्रेसवर जातात. दोन शंकूंमधलं अंतर मोजपट्टीने ठरत नाही, कानाने ठरतं. रुंद तोंडं शेजारच्याला लागली पाहिजेत. लांब ठेवले तर मुके राहतात, फार जवळ आले तर एकमेकांत अडकतात. घुंगरात खडा आतच असतो, एकटा घुंगरूही वाजतो. इथे एकटा शंकू वाजत नाही. पट्टी हातात धरून हलवायची आणि ऐकायचं. आजी ते डोळे मिटून करायच्या.

मोठ्या बाईच्या ड्रेसला 365 शंकू, वर्षाच्या दर दिवसाला एक, असं पुष्कळ घरांत सांगतात. दर शंकू लावताना मनात काही चांगलं धरायचं. सात वर्षांच्या अंगाला एवढं ओझं नको, म्हणून आमच्या छोटीचा ड्रेस शंभरावर थोड्या शंकूंवर थांबला. राग आलेला असेल तर त्या दिवशी सुई हातात घ्यायची नाही, हा नियम मात्र सगळ्यांना लागू. एका संध्याकाळी मी ऑफिसातली कटकट घेऊन तिथे गेले, तर मला भांडी घासायला बसवलं.

पायात मकिझिनन, म्हणजे मॉकसिन. पाऊल कागदावर ठेवून कड काढायची, पण बोटभर जागा जास्त धरायची, पोरांचे पाय हिवाळ्यात वाढतात. हरणाचं कमावलेलं कातडं, पुढे चुण्या. ओजिब्वे हे नाव त्या चुण्यांवरूनच पडलं असंही काही जण सांगतात. वर मण्यांची वेलबुट्टी. ओजिब्वे मणीकाम फुलापानांसाठी प्रसिद्ध आहे. 11 नंबरचे मणी नवशिक्यासाठी बरे, 13 नंबरचे त्याहून बारीक असतात आणि डोळ्यांची परीक्षा घेतात. पट्टा, वेणीची बांधणी आणि मॉकसिन यातलं एकच काही या वर्षी मण्यांचं करा, बाकी साधं चालू द्या. सगळं पहिल्याच वर्षी करायला गेलेल्या आया मे महिन्यात रात्री रडतात, हे माझं नव्हे, आजींचं वाक्य.

गरुडाचं पीस? ते विकत आणता येत नाही. अमेरिकेत 1940च्या कायद्याने बॉल्ड ईगल आणि 1962पासून गोल्डन ईगलही संरक्षित आहे. कोलोरॅडोतल्या सरकारी संग्रहातून पिसं मिळतात ती मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांनाच, आणि वाट फार बघावी लागते. घरी कुणी मोठ्या माणसाने दिलं तर मूल ते बाळगतं. जुन्या पद्धतीच्या जिंगल नाचात पीस किंवा पंखा नसला तरी काही अडत नाही, नुसता हात उचलतात. छोटीने हातच उचलला.

कोणता पाउवाउ, कोणतं गाणं

पाउवाउ दोन तऱ्हेचे. स्पर्धेचे, जिथे पाठीवर नंबर लागतो आणि परीक्षक असतात. आणि पारंपरिक, जिथे नाचणाऱ्याला थोडे पैसे मिळतात पण क्रमांक नसतो. पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलासाठी दुसरा, आणि तोही आपल्या माणसांतला निवडतात. ओजिब्वे भागातल्या जुन्यांपैकी व्हाइट अर्थचा उत्सव 14 जूनच्या आसपास असतो. 1867च्या करारानंतर पहिली कुटुंबं तिथे पोचली तो दिवस, 14 जून 1868.

तारीख ठरली की पुन्हा विचारणं. आयोजकांना विचारायचं, मुलीला रिंगणात आणायला वेळ मिळेल का. मुख्य नर्तिकेला विचारायचं, तिच्यासोबत चालशील का. ढोलवाल्यांना असेमा देऊन ऑनर साँग, म्हणजे मुलीच्या मानाचं गाणं, मागायचं, वर त्यांच्या प्रवासापुरते पैसे. निवेदकाला मुलीचं नाव, आईवडील, आजीआजोबा, कुळ म्हणजे डोडेम, हे सगळं कागदावर स्वच्छ लिहून द्यायचं. नावाचा उच्चार आदल्या दिवशी त्याच्याकडून म्हणवून घ्या. माइकवरून चुकलेलं नाव पोरं जन्मभर लक्षात ठेवतात.

आणि गिव्हअवे. इथे आपली सवय उलटी होते. आपल्याकडे ज्याचं कार्य त्याला आहेर. इथे ज्याचं कार्य तोच देतो. घोंगड्या, टॉवेल, कापडाचे तुकडे, जंगली तांदळाच्या म्हणजे मनूमिनच्या पिशव्या, घरचं मेपल सिरप. आजींच्या घरात हे हिवाळाभर कपाटात साठत होतं. सर्वांत चांगल्या वस्तू शिकवणाऱ्या बाई, ढोलवाले आणि लांबून आलेल्यांसाठी. बाकीचं रिंगणात घोंगडीवर मांडतात आणि ज्येष्ठांना आधी बोलावतात. छोटीने स्वतःची एक आवडती वस्तूही द्यायची, असं ठरलं. तिने दोन दिवस विचार करून टॉर्च दिला.

पिशवी आणि तो दिवस

आदल्या रात्री एक पिशवी भरा : सुई-दोरा, सेफ्टी पिना, तो चिमटा, सात-आठ जास्तीचे शंकू, मॉकसिनची जादा नाडी, केसांचे रबर, डासांचं औषध, पाणी, मीठ लावलेलं काहीतरी खाणं, पावसासाठी मोठं प्लास्टिक. घडीच्या खुर्च्या आणि एक चादर. ड्रेस घालून गाडीत बसवू नका, शंकू चेपतात. ड्रेसच्या आत आखूड चड्डी हवी, आणि शेवटच्या क्षणी ‘शू लागली’ हे ठरलेलं असतं, म्हणून ते आधी.

वेणी सकाळी घरीच घालतात. मश्कोडेवश्क म्हणजे सेज ही सुवासिक वनस्पती पेटवून त्याचा धूर मुलीच्या डोक्यावरून, ड्रेसवरून, पायांवरून फिरवतात.

दुपारी एकच्या सुमारास ग्रँड एंट्री, म्हणजे सगळ्या नाचणाऱ्यांचा रांगेने रिंगणात प्रवेश. पुढे गरुडपिसांची काठी आणि झेंडे, माजी सैनिक, मुख्य नर्तक, मग एकेक प्रकार. लहान मुलं सर्वांत शेवटी. रांग लांब असते आणि पोरं उन्हात वाट बघून कंटाळतात, तेवढ्यासाठी कुणीतरी मोठं बरोबर उभं राहावं. झेंड्याचं गाणं आणि प्रार्थना झाली की मधल्या वेळात निवेदक नाव पुकारतो. शिकवणारी बाई मुलीचा हात धरून आत जाते, घरचे मागे चालतात. पहिली फेरी घरच्यांचीच. मग प्रेक्षकांतून माणसं उठतात, येऊन मुलीशी हात मिळवतात आणि मागे रांगेत सामील होतात. मी आजींच्या मागे होते. पुढे बघितलं तेव्हा छोटी एकटी होती, वळून पाहिलं तेव्हा अर्धं मैदान मागे आलेलं.

पीस किंवा पिसाचा तुकडा जमिनीवर पडलेला दिसला तर उचलायचा नाही. तिथेच उभं राहून रिंगण सांभाळणाऱ्या अरिना डायरेक्टरला सांगायचं. नाच थांबतो, आणि ज्याला तो मान आहे असा माजी सैनिक ते उचलतो. हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर चांगल्या मनाने तीच आधी वाकतात.

पाहुणे म्हणून गेलात तर

ग्रँड एंट्रीला उभं राहायचं, टोपी काढायची. निवेदक सांगेल तेव्हा कॅमेरा बंद, आणि एखाद्या नर्तकाचा वेगळा फोटो हवा असेल तर त्याला विचारून. रिंगणालगतचे बाक नाचणाऱ्यांचे. चादर टाकलेल्या जागेवर बसू नका, ती कुणाचीतरी आहे. शंकूंना, मण्यांना हात लावून बघायचा मोह आवरा. दारू नाही. ‘इंटरट्रायबल’ असं पुकारलं की कुणीही उतरू शकतं, सलवार-कमीज घालूनही. आपल्या मुलीसाठी हौसेने असा ड्रेस शिवून मात्र नेऊ नका. हातात भेट दिली तर ‘नको, कशाला’ असं म्हणू नका. घ्या, हात मिळवा, मीग्वेच म्हणजे धन्यवाद म्हणा.

घरी आल्यावर ड्रेस टांगायचा नाही, वजनाने खांदे उतरतात. सपाट पसरायचा, घाम वाळू द्यायचा, पट्ट्यांवरून हात फिरवून सुटलेले शंकू बघायचे, मग जुन्या चादरीत गुंडाळायचा. आमच्या मोजणीत तीन कमी भरले. दोन गाडीत सापडले. तिसरा आजी म्हणाल्या राहू दे, गवतात आहे.